हातावरचं दही

तंबूच्या दाराशी तिकिटाबरोबर प्रत्येकाच्या मनगटावर एक मऊ पट्टी बांधली जात होती आणि पिंपरवाडीच्या यात्रेला आलेली माणसं ती राखीसारखी मिरवत होती. "पिच्चर बघायला नाडी कशाला तपासताय?" असं कुणी विचारलं, की तंबूचे मालक सलीमचाचा मुजावर मिशीत हसत म्हणायचे, "आज तुमी पिच्चर बघायचा न्हाई, पिच्चर तुमास्नी बघणार हाय!"

चाचांनी थट्टा केली, पण ती खोटी नव्हती. नाडीपट्टी माणसाचे ठोके, घाम आणि श्वास टिपून तरुण पुष्कर दांडेकरने बनवलेल्या यंत्राला कळवत असे. यंत्राचं नाव सारथी. प्रेक्षक जरा ढिले पडले, की सारथी चालू सिनेमातच फेरफार करी. लांबचं दृश्य जवळ आणी, कट भराभर मारी, शांततेत सारंगी घाली. चित्रीकरणाचा टाकाऊ तुकडासुद्धा त्याच्या पोटात साठवलेला होता. त्यातून समोरच्या गर्दीच्या मापाचा सिनेमा तो तिथल्या तिथे बेतत असे.

हेमांगी चौगुलेला मात्र हे यंत्र डोळ्यांसमोर नको होतं. या सिनेमाची संकलक ती. निर्मात्याने तिला साफ सांगितलं होतं, यात्रेतल्या दोन खेळांत सारथीने लोकांना जिंकलं तर सिनेमा सगळीकडे त्याच्याच हाताने लागेल आणि हेमांगीचं संकलन कपाटात जाईल.

तिचा सगळा जीव एका दृश्यात अडकला होता. मुलगी परमुलखात नोकरीला निघते, आई तिच्या हातावर दही घालते. कॅमेरा अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. चेहरे धड दिसत नाहीत, संगीत नाही. दोघी दारात नुसत्या उभ्या राहतात, बराच वेळ. मग मुलगी "येते" म्हणते आणि निघते. न दिसणारा चेहरा माणूस आपल्या घरातून आणून तिथे बसवतो, असं हेमांगीचं म्हणणं होतं आणि त्यासाठी ती दिग्दर्शकाशीही कडाकडा भांडली होती.

पहिल्या खेळात सारथीने त्या दृश्याचं पार भरीत केलं. शांतता सुरू होते न होते तोच ठोके मंदावले आणि त्याने थेट मुलीच्या डोळ्यांवर उडी घेतली. डबडबलेले डोळे, आईचा थरथरता ओठ, पुन्हा डोळे, वर सारंगी. तंबूत मुसमुसणं ऐकू आलं.

"बघितलंत, हेमांगीताई?" पुष्कर जागच्या जागी नाचत होता. "अख्खा तंबू रडला!"

हेमांगीच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाच तिला संताप आला. चिमटा काढल्यावर पाणी यायचंच, असं मनाशी म्हणत ती तडक बाहेर पडली आणि वळसा घालून तंबूच्या मागच्या अंगाला गेली.

सलीमचाचांच्या तंबूत आजोबांपासूनची रीत होती. पडदा मधोमध, एका अंगाला पुरुष आणि दुसऱ्या अंगाला बायका. पातळ पडद्यातून बायकांनाही चित्र दिसायचं, फक्त आरशातल्यासारखं उलटं. खेळ सुटला होता आणि मागच्या दारातून बायका बाहेर पडत होत्या. नऊवारीतली एक म्हातारी बाई तणतणत होती.

"काय झालं, मावशी? नाही आवडला?"

"आवडला की. पर त्या पोरीच्या हातावर दही घातलं का न्हाई, त्ये दावलंच न्हाई! नुसतं डोळं आन् डोळं. आवं, लेक निघाली की तिच्या हाताकडं बघत्यात. तोंडाकडं बघायचं धाडस हुतंय का आईला?"

हेमांगीने तिला नाव विचारलं. फुलाबाई. तिला मिठी मारावी असं हेमांगीला वाटलं. तेवढ्यात तिची नजर फुलाबाईच्या मनगटावर गेली. हिरव्या बांगड्या होत्या, पट्टी नव्हती. तिच्यामागच्या एकीच्याही हातात नव्हती!

पट्ट्या वाटल्या होत्या फक्त पुढच्या, पुरुषांच्या दाराशी. सारथीने अख्ख्या तंबूसाठी म्हणून बेतलेला सिनेमा अर्ध्या तंबूच्या नाडीवर बेतला होता.

"अरे बापरे!" हेमांगीने हे सांगताच पुष्करने कपाळावर हात मारला, पण लगेच त्याचे डोळे चमकले. यंत्राची चूक पकडली गेली की या मुलाला बक्षीस मिळाल्यासारखं होई. "उद्या दोन्हीकडे बांधू. दोन बाजूंचं पटलं नाही, तर सारथी मूळ संकलनाला हात लावत नाही. तसा नियमच घातलाय मी."

"आणि पटलं तर?"

"सगळेच एका लयीत रंगले, तर जे चाललंय तेच लांबवतो. पण एवढ्या माणसांचं कधी एकमत होतं का, ताई?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही दारांशी पट्ट्या बांधल्या. हेमांगीनेही एक बांधून घेतली आणि पुष्करशेजारी बसली. समोर ठोक्यांचा फलक होता आणि लाल बटण. ते दाबलं की यंत्र बाजूला आणि सिनेमा तिच्या संकलनावर.

दृश्य आलं. अंगण, दार, दोघी. पुरुषांचे ठोके घसरले आणि सारथी उडीच्या तयारीत आला. त्याच क्षणी बायकांचे ठोके चढले. यंत्र अडखळलं, थांबलं. कॅमेरा अंगणाच्या टोकालाच राहिला!

"डाव्या हातावर दही?" पडद्यापलीकडून एक बाई कुजबुजली.

"गप गं! आपण उलट्या अंगानं बघतोय. उजवाच हाय त्यो," फुलाबाईने दटावलं.

मग बाहेरच्या पाळण्यांची करकर तंबूत ऐकू येऊ लागली. पुष्करच्या फलकावर प्रत्येकाच्या नाडीची एक, अशा शेकडो रेघा हळूहळू एकमेकींजवळ सरकू लागल्या.

"ताई, एका लयीत येतायत! सगळे!" तो कसाबसा आवाज दाबत म्हणाला. इतकी वर्षं हेमांगी जे नुसतं मानत आली, ते समोर धडधडत होतं.

सवयीने तिच्या बोटांनी गुडघ्यावर टिचकी मारली. इथे तिचा कट होता, "येते" या शब्दाच्या आधीचा; तो शब्द असलेला वेगळा तुकडा तिने इथून पुढे जोडला होता.

कट आला नाही.

एकमत झालं होतं आणि सारथी दृश्य लांबवत होता. हेमांगी ताडकन सरळ बसली. पुढचा तुकडा तिला पाठ होता, कारण तो तिनेच टाकून दिला होता. चित्रीकरणाच्या दिवशी दिग्दर्शक "कट" म्हणायलाच विसरला होता. ताटकळलेली नटी शेवटी दही चाटते आणि वळून घरात निघून जाते. हा तुकडा लागला तर मुलगी जाणारच नव्हती. तिचा अख्खा सिनेमा फिरणार होता.

पडद्यावर मुलीने दही चाटलं.

"जाऊ नगं गं," पलीकडून फुलाबाई म्हणाली. अलीकडे एका पुरुषाने मोठ्याने श्वास आत घेतला आणि तो सोडलाच नाही.

हेमांगीचं बोट लाल बटणावर टेकलं. मुलीचं पाऊल उंबऱ्यावर वळू लागलं होतं.

"ताई," पुष्करने फलकाकडे बोट दाखवलं. एकच रेघ आतापर्यंत वेगळी धावत होती आणि तीही नुकतीच बाकीच्यांत मिसळली होती. "ही तुमची."

बोट बटणावरच होतं. पण तिची स्वतःची नाडीही तंबूबरोबर असताना ते दाबलं, तर तो कट नक्की कुणाचा?