परत आलेली बाळं

जरा जवळ सरका. बाळ झोपलंय, हळूच सांगतो.

मी घरं रंगवतो. मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली, ओंजळीत मावेल एवढी. काचेच्या पेटीत राहिली, वजन धरलं, आणि आम्ही तिला घरी आणलं. सासूबाईंनी शेजारपाजारच्या कोणालाही उंबरठा ओलांडू दिला नाही. तरीही एका सकाळी कामावर निघताना मी तिच्या गालाला हात लावला, तर गाल गार. दूध ओढेना, रडेना. डबा तिथेच टाकून आम्ही पळत हॉस्पिटल गाठलं. रक्तात जंतू गेलेत, असं डॉक्टर म्हणाले. बायकोच्या अंगात ताप होता, म्हणून तिला आत सोडलं नाही.

औषधं लागू पडली. लेक थोडी सावरल्यावर सिस्टर म्हणाल्या, हिला उघड्या छातीशी धरून बसायला कोणीतरी हवं, आई नाही तर बाप. बाहेरच्या बेसिनवर त्यांनी मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. रंगाचे डाग निघेनात तेव्हा विचारलं, हात धुताय की भिंत? मी हसलो. नंतर बरेच दिवस हसायला जमलं नाही.

दुपार होती, पण बाळांना झोप लागावी म्हणून जाड पडदे ओढलेले, दिवे मंद. लेकीला छातीवर घेऊन, वरून चादर गुंडाळून मी खुर्चीत टेकलो. अशी बाळं मधेच श्वास घ्यायचं विसरतात, असं सिस्टरांनी बजावून ठेवलं होतं. त्या समोरच्या टेबलाशी पाठमोऱ्या बसून सिरिंजमध्ये औषध भरत होत्या. खोलीत दुसरं मोठं माणूस नव्हतं.

बाहेर नळ सुटला. कोणीतरी हात धुऊ लागलं. सावकाश, बोटाबोटांमधून, चोळून चोळून. इतका वेळ की ऐकता ऐकता माझंच अंग आखडलं. मग नळ बंद झाला. दार काही उघडलं नाही. पण साबणाचा ओला वास आत आला, पेट्यांच्या रांगेजवळून सरकत आला आणि माझ्या खुर्चीपाशी थांबला.

आणि चादरीच्या आत, माझ्या हाताशेजारी, लेकीच्या पाठीवर एक गार, ओला हात टेकला.

मी चादरीत डोकावलो, तर माझाच हात दिसला. तो हात तिला थोपटू लागला. हळू... आणखी हळू... मग थांबला. त्याबरोबर तिचा श्वासही थांबला.

तिच्या श्वासावर लक्ष ठेवणारं यंत्र ओरडलं. सिस्टर धावत आल्या, तळव्याला टिचकी मारली, पुन्हा मारली. तेव्हा कुठे लेकीने श्वास ओढला. सिस्टरांनी चादर चाचपली. ती भिजली होती. काही न विचारता त्यांनी दुसरी आणली.

"ती पहिल्यांदा आलेल्या बाळांपाशी कधी जात नाही," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "घरी जाऊन परत आलेल्यांपाशीच येते."

"कोण... कोण येते?"

"चेहरा कोणी पाहिलेला नाही. तुम्ही एकच करा. तिने थोपटणं थांबवलं की तुम्ही सुरू करा. मधे खंड पडू देऊ नका."

मी तेच केलं. नळ वाजला तरी हात हलता ठेवला. मनगट सुजलं, खांदा भरून आला, डोळे मिटायची भीती वाटायची. शेवटी रक्ताचा रिपोर्ट चांगला आला आणि लेकीला सुट्टी मिळाली.

घरी आल्यावर बायको तिचं झबलं बदलत होती. म्हणाली, "अहो, हिची नखं कोणी कापली? एकाच हाताची?"

मी सिस्टरांना फोन लावला. आमच्याकडे कोणी बाळांची नखं कापत नाही, म्हणाल्या. दुसऱ्या हाताची मीच कापली, तिथल्या तिथे. अर्धवट राहिलेलं पुरं करायला ती घरी यायला नको म्हणून. काल झोपवताना पायांत मोजे घातले, नाड्यांना गाठी मारल्या.

आज सकाळी मोजे काढले. गाठी जशाच्या तशा होत्या. आत पायांची नखं मात्र कापलेली होती.