बोडक्या पेशी

हॅना क्लूग खासगी गुप्तहेर थेल्माबाईंच्या कचेरीत शिरली तेव्हा साडेअकरा वाजले होते. तीन वाजता विद्यापीठाची समिती तिला खोटारडी ठरवून घरी पाठवणार होती.

"माझं शेवाळ पोहतं, बाई," ती म्हणाली. "एकेकटी पेशी, आणि प्रत्येकीच्या अंगावर दोन शेपट्या. चार वर्षं मी त्यांच्यावरच काम करतेय. आज दहाला समितीने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर सगळ्या बोडक्या. एक हलेल तर शपथ."

"मग?"

"दाखवायला मोठ्या बाटलीतून नळीत काढलं होतं, त्यातलं उरलेलं मी ताज्या पाण्यात ओतलं. आता पुन्हा शेपट्या फुटतायत. कर्ट म्हणतो, मी मागाहून दुसरं शेवाळ घातलं."

थेल्मा लुंडबर्ग यांनी कोट चढवला. त्यांचा कामातला जोडीदार ऑर्विल, निवृत्त पोस्टमन, अर्धं सँडविच खिशात कोंबून मागे निघाला. विचारांत तो बाईंच्या चार पावलं मागेच असायचा. नाक मात्र त्याचं भलतंच तयार होतं.

प्रयोगशाळेत आधी भेटला कर्ट नेव्हिल, हॅनाचा सहकारी.

"जन्मतःच शेपट्या नसलेला वाणही असतो," तो म्हणाला. "हिने बाटल्यांची अदलाबदल केली आणि आता सारवासारव चाललीय."

"की अदलाबदल तुम्ही केलीत?"

"माझी नोकरी हिच्याच प्रकल्पावर आहे, बाई. हिची नाव बुडाली तर मी कुठला तरतोय?"

हॅनाच्या मोठ्या बाटलीतलं शेवाळ मजेत पोहत होतं. दहा वाजता पाहिलेली काचपट्टी मात्र समितीने मोहोरबंद करून ठेवली होती. बाईंनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि ऑर्विललाही पाहायला लावली.

"हिरवे गोळे," तो म्हणाला. "आणि भोवती बारीक केस पडलेत. न्हाव्याच्या दुकानात पडतात तसे."

मोरीपाशी बर्निस वोयटेक काचसामान मांडत होत्या. एकतीस वर्षं हेच काम. नळाच्या तोंडावर पांढरी पुटं चढली होती.

"इथलं पाणी म्हणजे नुसता चुना," त्या म्हणाल्या. "विसळलं की काचेवर मेले ठिपके."

"या नळ्या तर लखलखतायत."

"पाहुणे यायचे होते ना. काल संध्याकाळी जीव ओतून घासल्या."

ऑर्विलने नळीत नाक घातलं. "मला एकदम लोणच्यातली काकडी आठवली," तो म्हणाला. बाई हसल्या नाहीत.

तीन वाजता समिती बसली. थेल्माबाई उभ्या राहिल्या.

"जन्मजात बोडक्या पेशीकडे गाळायला शेपटीच नसते. पण या काचेवर शेपट्यांचा खच पडलाय. म्हणजे पेशी हॅनाच्याच, आणि दहापर्यंत धडधाकट. आंबट पाणी लागलं की त्या शेपट्या टाकतात आणि चांगलं पाणी मिळालं की नव्या उगवतात; इथल्या कुणालाही विचारा. घातपात करणाऱ्याने बाटलीत आम्ल ओतलं असतं. बाटली ठणठणीत आहे. बिघाड फक्त नळीत झाला."

त्यांनी एका लखलखीत नळीच्या तळाशी निळा लिटमस कागद टेकवला. तो लाल झाला.

"आम्ल. व्हिनेगर, काकडीच्या लोणच्यात असतं तेच. चुना त्यानेच निघतो. आणि नळाच्या पाण्याने विसळलं असतं तर ठिपके पुन्हा आले असते. म्हणून विसळलंच नाही. खरं ना, बर्निसबाई?"

बर्निसबाईंनी मान डोलावली. "समितीपुढे पोरीची काच मळकी दिसू नये, एवढंच मनात होतं हो."

अध्यक्षांनी हॅनावरचा आरोप खोडला. मग विचारलं, "चूक कुणाची लिहू? ज्याचं नाव लागेल त्याच्या नोकरीची मुदतवाढ अवघड आहे."

बर्निसबाई ऍप्रनची गाठ सोडू लागल्या होत्या.

"माझी लिहा," हॅना म्हणाली. "नळी कुणीही धुतलेली असो, वापरणाऱ्याने शुद्ध पाण्याने स्वतः विसळायची. पहिल्या दिवशी शिकवतात ते. आज मी घाईत विसरले."

"विचार करून बोलतेयस ना?"

"हो."

अध्यक्षांनी लिहिलं. बर्निसबाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. कर्टने त्यांना पाणी आणून दिलं. हॅनाकडे मान वर करून बघायची मात्र त्याची छाती झाली नाही.