सिताराम मास्तरांचा हात

नीलमची स्कूटी वरातीमागं अडकली आणि हे प्रकरण सुरू झालं.

मानवत गावात, धान्यबाजाराच्या मोंढ्याजवळ बँड रंगात आला होता. अचानक सॅक्सोफोनवाला पोरगा गाणं सोडून भलत्याच वाटेला लागला. सूर वर चढला, वाकडा झाला, मधेच हसल्यासारखा थरथरला... नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले. नवरदेवाचा मामा पडता पडता वाचला.

पुढं चालणाऱ्या सिताराम मास्तरांनी हात वर केला. बाजा बंद! त्यांच्या बँडात हा एकच कायदा – मास्तरांचा हात वर गेला, की सूर अर्धा असला तरी गिळायचा.

“ते काय वाजवलंत?” नीलमनं सॅक्सोफोनवाल्याला विचारलं.

“चुकलो, मॅडम.”

“परत चुकाल?”

मास्तरांचा मुलगा सिद्धोधन कानापर्यंत लाल झाला.

त्यानंतर ज्युनिअर कॉलेजात शिकवणाऱ्या नीलमची स्कूटी दर वरातीमागं अडकू लागली. रस्ता मोकळा असला तरी.

सिद्धोधनही दर वेळी चुकू लागला आणि मास्तर वैतागले. “लोक आपल्याला नाचायला बोलावत्यात, धडपडायला न्हाई. सॅक्सोफोन ठिव खाली!” सिद्धोधननं ठेवायचं ठरवलं. सोमवारी सकाळच्या बसनं पुण्याला, गोदामात कामाला.

मग रविवारी संध्याकाळी नीलमनं रिकाम्या मंगल कार्यालयात एक माहितीपट लावला. अमेरिकेतल्या एका जॅझवाल्यावरचा – हा गृहस्थ आयुष्यभर असंच वाकडं वाजवत आला होता. बघायला गावातली माणसं जमली; मास्तरांना तिनं पहिल्या रांगेत बसवलं.

“बाबांना पटंल का?” मागच्या रांगेत सिद्धोधन पुटपुटला. मांडीवर सॅक्सोफोन, कार्यक्रमानंतर बापाच्या हवाली करायचा म्हणून आणलेला.

“पटेल,” ती म्हणाली.

पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं सॅक्सोफोन ओठाला लावला आणि कार्यालयात एक किंचाळी घुमली. साउंडवाला जीवन ताडकन उठला. आवाज बंद केला, वायर काढली, फुंकली, परत लावली. परत तीच किंचाळी.

“मॅडम, स्पीकर चिरकायलाय!”

“जीवनभाऊ, ते संगीत आहे...”

“मला खराब स्पीकर कळतो, मॅडम.”

त्यानं इतक्या प्रामाणिकपणे दुरुस्ती केली, की शेवटी स्पीकर खरोखरच गेला.

म्हातारा आता गाल फुगवून मुकाट वाजवत होता. लोक पायांनी चपला चाचपू लागले. मास्तर ढिम्म. नीलमनं घड्याळ बघितलं... उद्या सकाळी हा बसमध्ये असेल. तिनं सिद्धोधनकडं बघितलं. नुसतं बघितलं.

तो उठला. आधी चाचरत, मग पडद्यावरच्या बोटांमागं पळत तो वाजवू लागला. चपला थांबल्या. सूर वर चढला, वाकला... मोंढ्याजवळचा, तोच!

आणि मास्तरांचा हात वर गेला.

सूर तुटला. संपलं सगळं...

मास्तर सावकाश मागं वळले. “थांबलास कशाला?”

“तुमी हात वर केला...”

“डास बसला होता मानंवर. वाजीव की!”

त्या दिवशी कार्यालयात एकही डास नव्हता, असं जीवन सांगतो. पण जीवनचं निदान कितपत धरायचं, हे आपण पाहिलंच आहे.

कार्यक्रम संपल्यावर सिद्धोधन स्कूटीपाशी आला. ती किल्ली लावत होती. लागत नव्हती.

“बाबा म्हणले, वरातीत सरळ वाजीव, बाकी येळी कसंबी. पण गोदामवाल्याला शबूद दिलाय... आन् तुमी मॅडम, मी बँडवाला... लोक काय म्हणतील... म्हणजे मला लय...”

नीलमनं हात वर केला.

पोरगा वाक्याच्या मधेच गप्प. सवय!

“आता मी बोलते,” ती म्हणाली आणि काय बोलायचं तेच विसरली. “तू... जाऊ नकोस. मला आवडतोस. चुकतोस तेव्हा... जास्तच.”

तो तिच्या वरच राहिलेल्या हाताकडं बघत होता. “डास तर न्हाई ना?”

“नाही,” ती म्हणाली आणि हात खाली आणला – त्याच्या हातात.