चाळीस मशीनं आणि केरूमामा

बसा पोरांनो, आणि मोबाइल आधी खिशात घाला. ही गोष्ट माझ्या हाताखाली काम केलेल्या शेखरची. त्यानं स्वतः सांगितली, तीही मान खाली घालून.

गेल्या नोव्हेंबरातली सात तारीख, शुक्रवार, दिवाळीची सुट्टी. शेखर इथल्या एका विद्यापीठात लॅब टेक्निशियन. संध्याकाळी सातपूरहून डबा घेऊन निघाला. चाळीस मशीनवर लिनक्सची नवी आवृत्ती चढवायची होती, कारण सोमवारी प्रॅक्टिकल परीक्षा. काम साधंच. फक्त मध्येच वीज गेली, तर मशीन पुन्हा उठत नाही.

आता आधीचं ऐका. दोन वर्षांपूर्वी हेच काम करताना शेखरनं घाईत चुकीची डिस्क पुसली. पोरांचे वर्षभराचे प्रोजेक्ट गेले. विभागप्रमुख तडकले, तेव्हा याच्या तोंडून निघून गेलं, "सर, केरूमामांनी मेन बंद केला."

केरूमामा म्हणजे लॅबचा शिपाई. सायखेड्याचा, चपला फरफटत चालणारा, निवृत्तीला तीन महिने उरलेला. भर विभागात म्हाताऱ्याची खरडपट्टी निघाली. त्यानं एकदा शेखरकडे पाहिलं आणि म्हणाला, "चुकलं आसंल, साहेब." त्याचा निरोप समारंभही झाला नाही. पुढच्या पावसाळ्यात तो गेला. शेखर मातीलासुद्धा गेला नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

तर त्या रात्री, एक वाजून चाळीस मिनिटांनी, बाहेरचे दिवे गेले. कॉरिडॉर, पार्किंग, समोरचं वसतिगृह... सगळं काळंठिक्कर.

पण लॅबमधले चाळीसही स्क्रीन चालू!

"यूपीएसनं धरलं," तो स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला. जुना यूपीएस फार तर दहा मिनिटं ओढायचा.

दहा गेली. वीस गेली.

काय रे रोहित, जनरेटर असेल म्हणतोस? जनरेटर असता तर शेखरला घाम कशाला फुटला असता? गप ऐक.

चपलांचा आवाज आला. फरफट... फरफट... एका ओळीतून दुसऱ्या ओळीत. प्रत्येक मशीनपाशी थांबत. माणूस कोणी नाही.

"मामा?"

...

"मामा, चूक माझी होती. मी खोटं बोललो."

आवाज थांबला. अगदी त्याच्या खुर्चीमागे.

...

तीन वाजून पाच मिनिटांनी वीज आली. चाळीसही मशीनं पुरी झाली होती.

उजाडलं आणि शेखर पुन्हा शहाणा झाला. यूपीएसनं वाचवलं, बाकीचा सगळा झोपेचा भास, म्हातारा तर गेला, मग सरांना आता सांगायचं कशाला? असा विचार केला त्यानं. हे सांगताना तो माझ्यासमोर रडला, पोरांनो.

नऊ वाजता इलेक्ट्रिशियन मंगळू आला. "रात्री लाइट गेल्ती ना साहेब? मग मशीनं कशावर चालली?"

"यूपीएसवर."

"चेष्टा करता का? बॅटऱ्या मंगळवारीच काढून नेल्या मी. नवीन अजून आल्या नाय."

शेखरनं त्याच दिवशी सरांना सगळं सांगितलं. मग सायखेड्याला गेला, केरूमामाच्या बायकोकडे, कलाबाईकडे. ती आत ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तिच्या उंबऱ्याबाहेर तो तासभर उभा होता.

पण हे नंतरचं. त्याआधी, तिथंच लॅबमध्ये, शेखर आणि मंगळूनं यूपीएसचं कपाट उघडलं. आत रिकामे कप्पे, टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेल्या वायरी. मंगळू म्हणाला, "बघा, हाय का काही?"

शेखरनं रिकाम्या कप्प्यात हात घातला.

पत्रा अजून गरम होता.