बशीतले ठोके

संशोधन केंद्राच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागूनच, पेशींची खोली होती. माणसाच्या कातडीचा इवलासा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशींना हृदयाच्या पेशी व्हायला शिकवायचं, आणि काचेच्या बशीत त्या आपसूक धडधडू लागल्या की त्यांच्यावर नवी औषधं तपासायची, हे तिथलं काम. सरांची उभी हयात त्यातच गेली होती. हाडाचे शास्त्रज्ञ, डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा पडताळल्याशिवाय खरं मानायचे नाहीत.

तिथल्या एका बशीतल्या पेशी त्यांच्या बायकोच्या होत्या. केंद्राला निरोगी माणसं हवी होती, तेव्हा सरांनी घरी तसं सांगितलं आणि तिनं मुकाट्यानं दंड पुढे केला. कशालाच नाही म्हणायची नाही ती. पुढे साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. बशी चालू राहिली.

घर आता खायला उठे. तसं ते पूर्वीही शांतच असायचं. सरांना आवाज खपत नसे, ते घरात आले की मायलेकींचं बोलणं जिथल्या तिथे थांबे. पण त्या शांततेत निदान कुणीतरी असायचं. लेक नोकरीसाठी दूर गेलेली, आईच्या मागे ती एकदाही फिरकली नव्हती. मग सर जेवणाची सुट्टी बशीपाशी काढू लागले. एका हाताशी डबा, समोरच्या पडद्यावर ठोक्यांची हिरवी रेघ. तेवढीच सोबत.

एकदा प्रयोगशाळेतली मदतनीस बाई सहज म्हणाली, "सर, तुम्ही आलात की ही बशी धावायला लागते."

सर हसले. दाराचा वारा लागत असेल, म्हणाले. त्यांनी फटी बुजवल्या, टेबलाखाली रबर घातलं, खोलीची ऊब पुन्हा पुन्हा मोजली. काडीचा फरक पडला नाही. बाई आत आली, शिपाई आला, तरी रेघ संथच. सर आले की उसळायची. शेजारच्या बश्या मात्र आपल्या चालीनं चालत असायच्या.

पुढे पुढे तर सर जिना चढायला लागले की वर रेघ धावू लागे. हे बाईनंच सांगितलं, खाली मान घालून. त्यानंतर तिनं दुसऱ्या खोलीत बदली मागून घेतली.

सरांनी वरिष्ठांना काही कळवलं नाही. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांना कुणाशी तरी बोलावंसं वाटलं. त्यांनी लेकीला फोन लावून सगळं सांगितलं. "आई मला ओळखते गं," ते म्हणाले.

"मी येते," ती म्हणाली.

ती आली भर दुपारी, थेट केंद्रावर. प्रयोग चोख व्हावा म्हणून सरांनी आधी तिला एकटीलाच आत पाठवलं आणि स्वतः व्हरांड्याच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. मग राहवेना, म्हणून आत गेले.

रेघ उसळली.

"पाहिलंस? केवढा आनंद होतो तिला."

लेक पडद्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, तुम्ही जरा बाहेर थांबा."

"का?"

"थांबा ना."

पडताळा घ्यायचा असेल, सरांना वाटलं. शेवटी लेक कुणाची. ते बाहेर आले, दाराच्या काचेतून पाहत राहिले. तिनं खुर्ची बशीजवळ ओढली, वाकून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. रेघ जराशी उतरली, पण थरथरतच राहिली.

मग ती उठून दारापाशी आली. आपल्याला आत घ्यायला येतेय, असं वाटून सर हसून पुढे झाले.

तिनं आतून कडी लावली.

तिच्या खांद्यावरून पडदा दिसत होता. रेघ हळूहळू खाली आली, आणि शांत झोपलेल्या माणसासारखी संथ चालू लागली.