सहावं रीळ

"मामा, सहाव्या डब्यात खिळे आहेत," थिएटरच्या चिंचोळ्या मशीनखोलीत टिटवी ओरडली.

तीनच्या खेळाला हॉलिवूडचा जुना साहसपट होता. आफ्रिकेतल्या रानात विमान पडतं आणि वैमानिक बाई जखमी सोबत्याला आणि तिथल्या हमालांना घेऊन नदीकडे निघते. मामा ऑपरेटर. सुट्टीत आलेली त्यांची भाची टिटवी आणि तिचा मावसभाऊ बंब आठ रिळांचे डबे पुसून क्रमाने लावत होते.

टिटवीचा आवाज ऐकून मॅनेजर धावत वर आले. "रीळ हरवलं? मग उद्यापासून येऊ नका."

मामांनी मान खाली घातली. टिटवीला रडू फुटणार होतं, पण तिने खिळ्यांत बोट घातलं. तळाशी पोस्टर चिकटवायची वाळलेली खळ होती.

"हा पोस्टरवाल्या काकांचा डबा. ते खिळे रिळाच्या जुन्या डब्यातच ठेवतात. रिळाचे डबे सकाळी कुठे होते?"

"माझ्या टेबलावर. त्यानेही आपलं लटांबर तिथेच टाकलं होतं. मी म्हटलं, उचल हे..." मॅनेजर अडखळले. "चुकून रिळाचा डबा मीच त्याच्या हातात दिला."

"सहावं रीळ चार चाळीसला लागेल," मामा म्हणाले. "मी खेळ वेळेवर सुरू करतो. पळा."

दोघांनी सायकली दामटल्या. चौकात दोन रस्ते फुटत होते. बंबने एका रस्त्यावरच्या पोस्टरमधल्या सिंहाचं नाक दाबलं. "खडखडीत वाळलंय." दुसऱ्या रस्त्यावरच्या सिंहाचं नाक खळीने अजून ओलं होतं.

ओल्या नाकांचा माग काढत ते बसथांब्यावर पोचले, तर काका डबा घेऊन परगावच्या बसमध्ये बसलेले आणि बस हललेली.

"काकाऽऽ!"

टिटवीला टिटवी का म्हणतात, ते त्या दिवशी ड्रायव्हरलाही कळलं. त्याने करकचून ब्रेक दाबला.

चार पस्तीसला रीळ मामांच्या हातात पडलं. पडद्यावर बाईने मगरींच्या नदीत पाऊल टाकलं आणि प्रेक्षागृह श्वास रोखून बसलं. टिटवी झरोक्यातून बघत होती.

"मामा, ते ओझी वाहणारे लोक एक शब्दही का बोलत नाहीत? रान तर त्यांचं आहे."

"सिनेमा बनवणाऱ्यांनी त्यांना काही विचारलंच नाही, बाळा."

दारात उभे असलेले मॅनेजर खाकरले. "मीही तुम्हाला न विचारताच दोष दिला. चुकलो." मग ते मुलांकडे वळले. "तुमच्यामुळे आज थिएटरची अब्रू वाचली."

मामांनी मशीनवरची नजर हलवली नाही. फक्त मोकळ्या हाताने टिटवीला आणि बंबला जवळ ओढलं.