कप्तानाच्या दारातले पिवळे बूट

"दमयंतीताई, मी चोर दिसते का हो?"

स्वरूपा मोरी आत आली ती हा प्रश्न घेऊनच. इचिकावा स्टेशनच्या मागे, कपडे धुण्याच्या दुकानावरच्या एका खोलीत दमयंतीचं ऑफिस होतं. विमा कंपनीत खोटे दावे पकडून पकडून कंटाळल्यावर तिने दारावर 'खासगी तपास' अशी जपानी पाटी लावली होती. रविवार असल्यामुळे तिचा नवरा प्रल्हादही तिथेच होता. प्रल्हाद कॉम्प्युटरवाला, सुट्टीच्या दिवशी मात्र बायकोचा ड्रायव्हर आणि हमाल. स्वतःला तो सहायक समजायचा, आणि दमयंतीने त्याचा तो समज कधी मोडला नव्हता.

"आधी बस," दमयंती म्हणाली. "प्रल्हाद, चहा टाक. आलं घाल."

चहा होईपर्यंत स्वरूपाला धीर धरवला नाही. ती मूळची नाशिकची. केंजी मोरीशी लग्न करून दहा वर्षं इचिकावात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होती. केंजी सध्या कामासाठी क्योतोला होता. दोघांनी पैसे साठवून अखेर एक घर पसंत केलं होतं, तेही ब्लाउहाफेनमध्ये.

"ते बोसोच्या किनाऱ्यावरचं डच गाव?" प्रल्हादने आतून विचारलं.

तेच. तेजीच्या दिवसांत एका बिल्डरच्या मनात आलं, हॉलंडमधलं बंदराचं गाव जपानात उभं करायचं. कालवा खणला, विटांची निमुळत्या छपरांची घरं बांधली, एक पवनचक्कीही लावली. मग तेजीचा फुगा फुटला, बिल्डर बुडाला आणि पर्यटक आलेच नाहीत. आता १९९६ साली ते गाव इतकं शांत होतं, की पवनचक्की फिरू लागली तर लोक बघायला बाहेर येत.

"घर ताकेमुरा कप्तानांचं आहे," स्वरूपा म्हणाली. "जहाजावर होते, आता एकटेच असतात. घर विकून लेकीकडे सेंदाईला जाणार आहेत. आम्ही त्यांना आवडलो होतो. काल ते गुडघे दाखवायला तोक्योला गेले. मी पडद्यांची मापं घ्यायला गेले, आणि दुपारच्या जेवणाच्या आधी एजंटच्या ऑफिसात किल्ली परत केली. रात्री कप्तान परतले, तर दिवाणखान्यातली जहाजाची पितळी घंटा गायब!"

"आणि आळ तुझ्यावर?"

"शेजारच्यांनी माझे बूट पाहिले म्हणे. दिवेलागणीला, कप्तानांच्या घरात. तेव्हा तर मी इथे इचिकावात भाजी घेत होते! कप्तान म्हणतात, ज्याच्यावर विश्वास नाही त्याला घर देणार नाही. घर गेलं तर गेलं, पण केंजीच्या आईवडिलांना मी तोंड कसं दाखवू?"

 दमयंतीने तिच्या पायांकडे पाहिलं. बूट हळदीसारखे पिवळेधमक होते.

"चहा पी," ती म्हणाली. "मग निघू."

*

गावाच्या वेशीवरच एजंट ओनो-सान यांचं ऑफिस होतं. ओनो वाकून वाकून बोलत होते, पण त्यांची नजर सारखी फोनकडे जात होती.

"मोरी-सान यांनी किल्ली जेवणाआधी दिली, हे खरं. पण दार नुसतं लोटून ठेवून किल्ली परत करता येतेच की! आणि शेजारचे निशिदा-सान खोटं कशाला बोलतील? शाळेचे हेडमास्तर होते ते."

"दुसरं गिऱ्हाईक आहे ना तुमच्याकडे?" दमयंतीने सहज विचारलं.

ओनोंनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "एक कंपनी आहे. कर्मचाऱ्यांसाठी सुट्टीचं घर हवंय त्यांना. जास्त देतात. पण म्हणून मी घंटा चोरीन?"

"तसं कोण म्हणतंय? कंपनीला हेच घर का हवं?"

"कारण अस्सल तेच आहे. बाकीची घरं वरून डच, आतून जपानी. कप्तानांनी मात्र बिल्डरशी भांडून सगळं रॉटरडॅमहून मागवलं. खिडक्या, जिना, दारं, सगळं जहाजातून आलं. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी तेच सांगतो."

बाहेर येताच प्रल्हाद बायकोच्या कानाशी लागला. "हाच! कंपनीकडून कमिशन जास्त मिळणार."

"तुझं प्रत्येक वेळी पहिल्याच माणसावर बोट असतं," दमयंती म्हणाली.

*

कप्तान ताकेमुरांचं घर कालव्याच्या काठावर होतं. प्रल्हादने घंटी वाजवली आणि इथल्या सवयीने दोन पावलं मागे सरला. कप्तानांनी दार आत घेतलं आणि तिघांना बघून नुसती मान हलवली. स्वरूपाकडे पाहायचं त्यांनी टाळलं. तिने मुकाट्याने बूट काढले, दिवाणखाना ओलांडून गेली आणि जिन्याखालच्या मांडणीवर ते ठेवले. प्रल्हाद नि दमयंतीनेही तेच केलं.

भिंतीवर घंटा टांगायचा आकडा रिकामा होता. सामान बरंचसं खोक्यांत गेलं होतं.

"तीस वर्षं ती घंटा माझ्याबरोबर होती," कप्तान म्हणाले. "शेवटची बांधायची म्हणून ठेवली होती."

"कुलूप फोडलेलं नाही?"

"नाही. पुढचं दार बंद होतं. मागचं, कालव्याकडचं काचेचं दार मी कधीच लावत नाही. इथे कोण येणार? बदकं."

मागे पाण्यालगत लाकडी फळ्यांचा ओटा होता. तसाच ओटा शेजारच्या घरालाही होता आणि दोहोंमध्ये जेमतेम एक पाऊल अंतर. ओट्यावर दोन खुर्च्या होत्या आणि मध्ये गो या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या खेळाचा पट.

"कोणाशी खेळता?"

"निशिदाशी. रोज संध्याकाळी येतो, हरतो आणि जातो." कप्तानांच्या मिशीत पुसटसं हसू आलं.

"सेंदाईला खेळायला कोणी आहे?"

"लेक नोकरी करते, जावई नोकरी करतो." ते गुडघा चोळत जिन्याकडे पाहत राहिले. डच जिना म्हणजे जवळजवळ शिडीच. "वर झोपायची खोली आहे. हे गुडघे आता चढत नाहीत. इथे राहणं जमायचं नाही."

*

निशिदा-सान यांच्या दाराशी प्रल्हाद या वेळी मागे न सरता मुद्दाम दाराला खेटून उभा राहिला आणि त्याचं फळ त्याने भोगलं. दार फाडकन बाहेर उघडलं ते थेट त्याच्या नाकावर.

"माफ करा, माफ करा!" निशिदा दाराआडून म्हणाले. ठेंगणे, टापटिपीचे गृहस्थ. दारातच, पायरीखालच्या चौकोनात त्यांच्या चपला ओळीने मांडल्या होत्या. प्रल्हादने नाक चोळत त्यांच्याशेजारी आपले बूट काढले.

खोलीत कोणता कचरा कोणत्या वारी टाकायचा, ते लाल-निळ्या शाईत लिहून लावलं होतं. मुलांच्या सणाची कापडी माशांची माळ घडी घालून पेटीत गेलेली दिसत होती.

"सण संपला की दुसऱ्या दिवशी वस्तू जागेवर," निशिदा अभिमानाने म्हणाले. "चाळीस वर्षं मुलांना हेच शिकवलं."

मे महिना होता आणि प्रल्हादला घाम फुटला होता. खोलीच्या मध्यभागी कोतात्सू होता, म्हणजे जाड रजई घातलेलं बुटकं टेबल. हिवाळ्यात त्याखाली पाय शेकत बसतात. प्रल्हाद तिथे मांडी घालायला वाकला, तोच निशिदा पुढे धावले.

"नको, नको! खिडकीशी खुर्ची आहे ना. तुम्हा लोकांना खाली बसायची सवय नसेल."

पाटावर बसून लहानाचा मोठा झालेला प्रल्हाद निमूटपणे खुर्चीत बसला.

"काल काय पाहिलंत?" दमयंतीने विचारलं.

"दिवे लागायची वेळ होती. कप्तान आला असेल म्हणून मी त्याच्या पुढच्या दाराशी गेलो. कडी लागलेली नव्हती. मी असं हळूच दार घेतलं," निशिदांनी हवेत मूठ धरून छातीकडे ओढली, "तर आत, अगदी पायाशी, पिवळे बूट. नीट जोडून, टोकं दाराकडे केलेले. पाहुणे आहेत म्हणून मी परत फिरलो."

"हे बूट आधी पाहिले होते?"

"सकाळी मोरी-सान रस्त्यावर भेटल्या, तेव्हा."

दमयंतीने वाकून त्यांचे आभार मानले. बाहेर पडताना तिने रजईकडे एकदा पाहिलं आणि खुदकन हसली.

"हसायला काय झालं? माझं नाक सुजलंय!" प्रल्हाद वैतागला.

"तुझ्या नाकानेच केस सोडवली. ओनोंना बोलाव, आणि निशिदांनाही. कप्तानांकडे."

*

थोड्याच वेळात सगळे कप्तानांच्या दिवाणखान्यात जमले. निशिदा मागच्या ओट्यावरून आले. दमयंतीने स्वरूपाचे पिवळे बूट उचलले आणि बंद पुढच्या दाराला लागून आतल्या बाजूने जोडून ठेवले, टोकं दाराकडे करून.

"निशिदा-सान, काल असेच होते ना?"

"अगदी असेच."

"मग एक उपकार करा. मागून वळसा घालून पुढे जा आणि काल उघडलंत तसं हे दार उघडून दाखवा. कडी काढलेली आहे."

निशिदा गेले. दारापलीकडे पावलं वाजली. मूठ फिरली. दार थरथरलं, पण उघडलं नाही. पुन्हा हिसका बसला. पुन्हा काही नाही.

"अडकलंय!" बाहेरून आवाज आला.

कप्तान खुर्चीत ताठ झाले होते. "ढकल," ते खर्जात म्हणाले.

दार आत आलं आणि त्याने दोन्ही बूट फरफटत नेले. एक भिंतीवर आपटला, दुसरा उलटा होऊन खोक्याखाली गेला. दारात निशिदा उभे होते. त्यांच्या पायाशी काहीच नव्हतं.

"जपानात दारं बाहेर उघडतात," दमयंती शांतपणे म्हणाली, "म्हणून तुम्ही बूट दाराच्या आत लगेच काढता. आमच्याकडे दारं आत उघडतात, म्हणून आम्ही चपला बाहेर काढतो. ज्या घराचं दार आत उघडतं तिथे दाराशी बूट ठेवले तर पहिल्याच पाहुण्याबरोबर त्यांची ही गत होते. म्हणून कप्तानांनी मांडणी जिन्याखाली केली, आणि स्वरूपालाही ते ठाऊक होतं. हे गावातलं एकमेव अस्सल डच दार. ओनो-सान ते रोज गिऱ्हाइकांना दाखवतात. खोटं रचायचं असतं तर त्यांनी असं रचलं नसतं. ज्याने हे दार कधी उघडलंच नाही, त्यालाच दाराशी मांडलेले बूट दिसू शकतात."

"पाच वर्षं," कप्तान सावकाश म्हणाले. "निशिदा, पाच वर्षांत तू या दाराने एकदाही आला नाहीस."

"मी मागूनच येतो," निशिदा पुटपुटले.

"कालही मागूनच आलात," दमयंती म्हणाली. "घंटा जड, म्हणून लांब नेता आली नाही. माशांची माळ दुसऱ्याच दिवशी पेटीत टाकणारा माणूस मे महिन्यात कोतात्सूवर रजई कशाला ठेवील? आणि पाहुण्याला तिथे बसण्यापासून अडवील कशाला? प्रल्हाद, जा, रजईखालची घंटा घेऊन ये."

प्रल्हाद धापा टाकत घंटा घेऊन आला. आपण सुरुवातीपासून ओनोंच्या मागे होतो, हे त्याने कोणाला आठवू दिलं नाही.

 निशिदा खाली बसले आणि त्यांनी कपाळ फरशीला टेकवलं.

"व्यवहार मोडला, तर तू आणखी एखादं वर्ष राहशील असं वाटलं," ते कप्तानांना म्हणाले. "तू गेलास की संध्याकाळी मी काय करू?"

"मूर्खा!" कप्तान गरजले. "मला कुठे जायचंय? मला जिना चढवत नाही म्हणून मी जातोय! तुझी खालची खोली रिकामी आहे. 'राहा' म्हणून एकदा तरी बोललास?"

"तू तरी कधी विचारलंस?"

दोन म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. ओनोही रुमालाने डोळे टिपू लागले. प्रल्हादला वाटलं, झालं, गोड शेवट. तेवढ्यात स्वरूपा उठली.

"आणि मी?" ती म्हणाली.  "दहा वर्षं मी इथे कचरा वेगळा करते, जिन्यात हळू बोलते, वाकून नमस्कार करते. आणि पहिली वस्तू हरवली की बूट माझेच दिसतात! तुम्हाला एकटं वाटलं, ते मला कळतं, निशिदा-सान. पण तुमच्या एकटेपणाची किंमत मी का द्यायची? मघाशी इथे आले, तर समोरच्या बाईंनी मला बघून खिडकी लावून घेतली."

निशिदांनी मान वर केली नाही. "तुम्ही सांगाल ते करीन."

"जितक्या लोकांना मी चोर वाटले, तितक्यांना सांगा. तुमच्या तोंडाने."

 निशिदा उठले, कोट झाडला आणि ओनोंना म्हणाले, "ऑफिसातला माइक चालू करा."

वादळाची सूचना द्यायला गावभर खांबांवर कर्णे लावलेले होते. थोड्या वेळाने त्यांच्यातून खरखर झाली, आणि मग शाळेच्या मैदानावर कमावलेला तो खणखणीत आवाज कालव्यावरून गेला.

"मी निशिदा बोलतोय. कप्तान ताकेमुरांची घंटा मी चोरली. मोरी स्वरूपा-सान यांच्यावर मी खोटा आळ घेतला. त्या निर्दोष आहेत. मला लाज वाटते."

त्यांनी ते तीन वेळा सांगितलं, शाळेत महत्त्वाची सूचना सांगतात तसं.

समोरची खिडकी उघडली. बाई आधी खिडकीतूनच वाकल्या, मग चपला घालून खाली आल्या आणि रस्त्यात उभं राहून पुन्हा वाकल्या. स्वरूपाने पायऱ्या उतरून त्यांना उलट नमस्कार केला. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

ओनो धावत परत आले, तेव्हा ती आतल्या टेबलाशी पर्स उघडून बसली होती.

"मोरी-सान, आता तुमचा निर्णय? घर घेणार ना?"

"घेणार," स्वरूपा म्हणाली आणि तिने करारावर सहीऐवजी मारायचा शिक्का बाहेर काढला. "शेजार आता कळला आहे."